वाफसा आल्यावरच औत: एका शेतकरी कंपनीतल्या संवादाचा अनुभव

काळ्या रानात पाऊस पडून गेला की लगेच औत घालत नाहीत. माती चिकट असते, तिफणीच्या फणाला चिखल धरतो, ट्रॅक्टर गेला तिथं ढेकूळ उठतं आणि वाळलं की विटेसारखं टणक होतं. दोन-तीन दिवस थांबायचं, मूठभर माती दाबून बघायची. गोळा होतोय आणि बोटानं ढकलला की फुटतोय, तेव्हा वाफसा आला. मातीत पाणी आणि हवा दोन्ही नांदतात ती ही घडी. संस्थांमध्ये माणसांना एकमेकांशी बोलतं करायचं काम मराठवाड्यात करताना आम्हाला याच्याएवढा उपयोगी शब्द दुसरा सापडला नाही. बहुतेक बैठका वाफशाआधीच औत घालतात. प्रश्न मांडला, पाच मिनिटांत तोडगा, हात वर, ठराव, चहा. वर्षभरानं तोच प्रश्न पुन्हा टेबलावर.

हा अनुभव लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीतला आहे. सोयाबीन आणि तूर घ्यायची, चाळणी-प्रतवारी करायची, गोदामात ठेवायची, विकायची, हे तिचं काम. कागदोपत्री सगळं जागच्या जागी होतं. कायद्याप्रमाणं संचालक ५ ते १५ च्या आत, संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, शेअर कितीही असोत सभासदाला मत एकच. तरीही सभासद चांगला माल अडतीवर नेत आणि भिजलेला, डागी माल कंपनीच्या दारात आणत. अडचण गोदामात आधी दिसायची, मग काट्यावर, मग हिशोबात, आणि संचालकांना सगळ्यात शेवटी. त्यावरचा उपाय ठरलेला: व्हॉट्सॲपच्या गटावर नवं परिपत्रक.

आम्हाला बोलावलं ते "सभासदांना जरा समजावून सांगा" म्हणून. हे काम आम्ही घेत नाही, आणि का घेत नाही हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो. समजावून सांगण्यात प्रवाह एकाच दिशेनं वाहतो. इथं अडलेला होता तो उलट्या दिशेचा प्रवाह.

संस्था सजीवासारखी चालावी म्हणजे काय, हे सांगायला आम्ही सोयाबीनचं झाड उपटून आणतो. मुळावरच्या गाठी नखानं फोडून दाखवतो. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ काम करतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. झाडाचं मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं, ती ओळखून रायझोबियम जिवाणू जवळ येतात, आपल्याकडून उलट खूण देतात, मग गाठ धरते. झाड साखर देतं, जिवाणू हवेतलं नत्र देतात. हा व्यवहार कुणाच्या हुकमानं होत नाही. आणि शेतकऱ्याला ठाऊक असलेली दुसरी गोष्ट: वरून युरिया ओतला की गाठी कमी धरतात, कारण आयतं नत्र मिळाल्यावर झाड ती खटपट करत नाही. संस्थेत वरून आयते निर्णय ओतत राहिलं तर खालच्या माणसांची एकमेकांना खूण देण्याची सवय अशीच मोडते. चिलीचे जीवशास्त्रज्ञ हुंबेर्तो मातुराना आणि फ्रान्सिस्को व्हारेला यांनी १९७०च्या दशकात मांडलेला मुद्दा याच जातीचा आहे. सजीव स्वतःला सतत स्वतःच घडवत असतो. बाहेरून त्याला डिवचता येतं, पण तो काय प्रतिसाद देईल हे त्याच्या आतल्या रचनेवर ठरतं. म्हणून बदल 'बसवून' देता येत नाही. ज्या रचनेतून प्रतिसाद येतो तिथली ये-जा मोकळी करता येते, एवढंच आपल्या हातात.

ती ये-जा मोकळी करण्याची जी पद्धत आम्ही वापरतो तिच्यामागं डेव्हिड बोम (१९१७–१९९२) या भौतिकशास्त्रज्ञाचा विचार आहे. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींशी त्यांच्या अनेक वर्षं चर्चा झाल्या. संवादासाठीच्या मूळ ग्रीक शब्दातला पहिला भाग 'दोन' असा नसून 'मधून, आरपार' असा आहे, हे ते आवर्जून सांगत. म्हणजे माणसांच्या मधून वाहणारा अर्थ. २० ते ४० माणसं, गोल बसलेली, समोर विषयपत्रिका नाही, निर्णय घ्यायचा नाही. मनात उठलेलं मत लगेच समोरच्याच्या अंगावर टाकायचं नाही आणि गिळूनही टाकायचं नाही, सगळ्यांना दिसेल असं मध्ये टांगून ठेवायचं. सांगायला सोपं आहे, पण पहिल्या तीन बैठका यातच जातात.

मराठवाड्याला हे परकं वाटायचं कारण नाही. निलंगा-उमरग्याच्या सीमेपलीकडं बसवकल्याणला बाराव्या शतकात अनुभव मंटप, म्हणजे बसवण्णांच्या काळातली शरणांची चर्चासभा, भरत होता. अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी, अक्कमहादेवी येऊन बोलत, आणि नावाडी, चांभार, सुतार, परीट आपापल्या कामाच्या अनुभवातून बोलत. धंद्यातून आलेलं ज्ञान तिथं ज्ञान म्हणूनच धरलं जाई. आमचा आग्रह नेमका एवढाच असतो.

तयारी

बैठकीआधी दोन आठवडे फक्त भेटी. एकेकट्याला, त्याच्या कामाच्या जागी, ४० मिनिटं ते तासभर. हमालाशी गोदामाच्या फळीवर, चाळणीवरच्या बायांशी चाळणीजवळ, हिशोबनिसाशी संध्याकाळी. तीनच प्रश्न: इथं काय चांगलं चाललंय, तुम्हाला काय दिसतं जे वरच्यांना दिसत नाही, आणि तुम्ही ते आजवर कुणाला सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक उत्तर 'कुणाला नाही' असंच येतं. घाईत हा टप्पा गाळला तर पहिल्या बैठकीत फक्त ज्यांना बोलायची सवय आहे तेच बोलतात, आणि ते काय बोलणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

माणसं निवडताना संस्थेचा छोटा नमुना उतरला पाहिजे. इथं २४ जण होते: संचालकांपैकी पाच, मुख्य कार्यकारी अधिकारी, हिशोबनीस, काट्यावरचा पोरगा, तीन हमाल, प्रतवारीवरच्या चार महिला, टेम्पोचालक, मोठे-छोटे सभासद मिळून सात, आणि कंपनी सोडून गेलेला एक सभासद. हा शेवटचा माणूस आणायला सगळ्यात जास्त विरोध होतो आणि त्याच्याशिवाय भागत नाही. सोडून जाणाऱ्याला जे दिसलेलं असतं ते राहिलेल्यांनी डोळ्याआड केलेलं असतं. हमाल आणि बायांची त्या दिवसाची मजुरी कंपनीनं द्यायची, हे आधी लेखी ठरवून घ्यावं. नाहीतर संचालक बसल्या जागी बोलणार आणि हमालाचं लक्ष बुडालेल्या रोजाकडं.

दिवस ठरवताना बाजाराचा वार, मृगाची पेरणी, काढणीची घाई आणि लग्नतिथी टाळाव्यात. वेळा अमावास्येलाही बैठक ठेवू नये. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडं माणूस रानात असतो, भज्जी-आंबिलाला. पण तिथली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: शेतातल्या कोपीपाशी मालक, सालगडी, पाहुणे एकाच पंगतीला बसतात आणि वर्षभर न झालेल्या गोष्टी तिथं सहज निघतात. बैठकीची जागा निवडताना आम्ही त्याचीच आठवण ठेवतो. कंपनीच्या सभागृहात मंच होता, खुर्च्या रांगेत होत्या. आम्ही गोदामाचा रिकामा कोपरा घेतला, सतरंज्या टाकल्या, सगळे जमिनीवर गोल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची, आणि त्यांच्या शेजारच्या दोघांनाही खुर्ची, म्हणजे खुर्चीचा मान होत नाही. माइक नको. हार-तुरे, दीपप्रज्वलन, मनोगत काही नको. हे नको म्हणणं अध्यक्षांना लागतं, म्हणून दोन दिवस आधी त्यांच्या घरी जाऊन सांगावं.

बैठक

दोन तास, दर पंधरा दिवसांनी, एकूण आठ. सुरुवातीला दोन मिनिटं शांत. मग फेरी: प्रत्येकानं एक मिनिट, "आज मी कशात अडकून आलोय" एवढंच. २४ माणसांची २४ मिनिटं जातात आणि ती वाया गेल्यासारखी वाटतात, तरी कापू नयेत. जो माणूस पहिल्या अर्ध्या तासात एकदाही स्वतःचा आवाज ऐकत नाही तो पुढं बहुधा बोलतच नाही. बोलणाऱ्याच्या हातात एखादी वस्तू द्यावी, ती हातात असेल तोच बोलणार. या गटानं स्वतःहून काट्याचं २०० ग्रॅमचं लोखंडी वजन निवडलं. हातातून हातात जाता जाता ते कोमट व्हायचं.

नियम चार सांगितले. स्वतः पाहिलेलं बोलायचं, ऐकीव नाही. उत्तर देण्याआधी एक श्वास. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. मोबाइलवर चित्रण नाही. चौथा नियम पुढं फार महत्त्वाचा ठरला. दुसऱ्या बैठकीतली २० सेकंदांची फीत गावातल्या विरोधी गटाकडं पोचली आणि तिसऱ्या बैठकीत निम्मी माणसं गप्प झाली. तेव्हापासून मोबाइल बंद करून दाराजवळच्या टोपलीत, आमचेही.

टिपण भिंतीवर चिकटवलेल्या खाकी कागदावर, सगळ्यांना दिसेल असं, बोलणाऱ्याच्याच शब्दांत आणि नाव न लिहिता. "समन्वयाचा अभाव" असं लिहिलं की बोलणारा माणूस त्यातून हरवला. तो म्हणाला होता, "ट्रक आला की आम्हाला सांगतेत, येणार हाय म्हणून कोण सांगत न्हाई." तेच लिहावं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. सगळ्यात आधी खुलाशापाशी. तक्रार निघाली की संचालक लगेच कारण सांगतो. कारण बरोबर असतं, त्यामुळं तक्रार मिटल्यासारखी दिसते आणि तिच्यामागची माहिती आत राहते. आम्ही संचालकांना सांगून ठेवलं होतं की पहिल्या तीन बैठकांत खुलासा नको, फक्त "अजून सांगा". त्यांना ते जड गेलं. एकानं प्रामाणिकपणे कबूल केलं की ऐकताना छातीत धडधडतं. ही कबुली आम्हाला फार मोलाची वाटली, कारण तिच्यानंतर हमालांपैकी सगळ्यात ज्येष्ठ मामा पहिल्यांदा वाक्य अर्धं न सोडता बोलले.

दुसरं बिघडतं शांततेत. प्रश्न मध्ये पडला आणि कुणी बोलेना की चालवणाऱ्यालाच कसंतरी होतं आणि तो बोलून जागा भरतो. आम्हीही सुरुवातीला भरत होतो. आता घड्याळ बघून पूर्ण ९० सेकंद थांबतो. तिसरं, बाया. पुरुषांच्या गोलात पदर सावरून बसलेली बाई पहिल्या फेरीत "मला काही नाही" म्हणते. यावर उपाय म्हणून मोठ्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्या चौघींची वेगळी तासभर बैठक घेतली. तिथं जे निघालं ते मोठ्या गोलात कुणी मांडायचं हे त्यांनीच ठरवलं, आणि दोघी शेजारी-शेजारी बसल्या. जातीचाही प्रश्न असतोच. गोल असला तरी दाराजवळ कोण बसतं आणि भिंतीला टेकून कोण, हे नीट पाहावं. दर बैठकीला चिठ्ठ्या काढून जागा ठरवल्या की त्याला बरीच कात्री लागते.

तिसऱ्या बैठकीअखेर "यातून मिळालं काय?" हा प्रश्न आला. तो बहुतेक ठिकाणी साधारण याच सुमाराला येतो. वरवरचा गोडवा संपलेला असतो आणि खालचं अजून निघालेलं नसतं, माणसं चिडतात. इथं घाबरून "चला, कृती आराखडा करू" म्हटलं तर चिखलात औत घातलं. आम्ही तो प्रश्नच चौथ्या बैठकीच्या मध्यभागी ठेवला.

आणि तिथं घट, म्हणजे ओल्या मालापोटी वजनातून होणारी कपात, हा विषय निघाला.

एका छोट्या सभासदानं वजन हातात घेऊन सांगितलं, "ओला माल म्हणून कापतेत, कापा की. पण १३ लागला तर तीन किलोच कापायला पायजे. तुम्ही जास्ती कापतेत, आन् किती ते कोण सांगालंय?" गोलातली अर्धी डोकी हलली. म्हणजे हा संशय अनेकांना होता, प्रत्येकाला एकट्याला. अध्यक्षांनी खुलासा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळानं हिशोबनिसानं वजन मागून घेतलं आणि खाकी कागदावर गणित मांडलं. १०० किलो माल, ओलावा १३ टक्के, म्हणजे कोरडा ऐवज ८७ किलो. भाव १० टक्के ओलाव्याच्या मालाचा ठरलेला. त्या मालात कोरडा ऐवज ९० टक्के असतो. ८७ला ०.९०नं भागलं की ९६.६७ किलो. म्हणून क्विंटलला घट ३ किलो ३३३ ग्रॅम. २० क्विंटलला सभासदाच्या तोंडी हिशोबापेक्षा ६ किलो ६६७ ग्रॅम जास्त. सूत्र कंपनीच्या संगणकात पहिल्या दिवसापासून होतं. पट्टीवर, म्हणजे सभासदाला मिळणाऱ्या पावतीवर, फक्त शेवटचा आकडा छापून यायचा. एवढ्या फरकावर गावागावात "काट्यात मारतेत" असं बोललं जात होतं.

आम्हाला वाटलं प्रश्न सुटला. सुटला नव्हता. काट्यावरच्या पोरानं, जो तीन बैठका गप्प होता, सांगितलं की नमुना तो पोत्याच्या तोंडातून घेतो, कारण रांग लागलेली असते. वरचा दाणा उन्हानं कोरडा, तळातला ओला. आणि थेट उन्हातून आलेल्या गरम मालाचं आणि सावलीत निवलेल्या मालाचं वाचन मीटरवर सारखं येत नाही. मीटर दाण्याच्या विद्युत गुणधर्मावरून ओलावा अजमावतो, त्यात तापमान मिसळतं. म्हणजे चूक कधी सभासदाच्या अंगावर, कधी कंपनीच्या. हे त्याला दोन हंगामांपासून माहीत होतं. त्याच्याकडं बघून कुणी विचारलं नव्हतं, आणि रांग थांबवायचा अधिकार त्याला नव्हता.

इथंच आम्ही थांबवलं. निर्णय त्या बैठकीत होऊ दिला नाही, आणि या एका गोष्टीवर आम्ही कधीच तडजोड करत नाही. संवादाच्या गोलात निर्णय व्हायला लागले की पुढच्या वेळी माणूस माहिती घेऊन येत नाही, बाजू घेऊन येतो. शिवाय निर्णयाचा कायदेशीर अधिकार आणि जबाबदारी संचालक मंडळाची आहे, ती गोलावर ढकलणं बरोबर नाही. मंडळाची बैठक आठ दिवसांनी झाली, रीतसर नोटीस काढून. खाकी कागद तसाच भिंतीवर लावला होता. तिथं ठरलं: नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून परखीनं, म्हणजे पोत्यात खुपसायच्या पोकळ सळीनं, घ्यायचा. उन्हातला माल आधी सावलीत निवू द्यायचा. मीटरचं तोंड सभासदाकडं. पट्टीवर ओलावा, घट आणि सूत्र तिन्ही छापायचं. रांग थांबवायचा अधिकार काट्यावरच्या माणसाला. आणि चाळणीतून खडा जाताना दिसला तर यंत्र बंद करायचा अधिकार प्रतवारीवरच्या बायांना, विचारायला न जाता. आमच्या मते खरा बदल या शेवटच्या दोन ठरावांत आहे. बोट भाजलं तर हात मेंदूला विचारत बसत नाही, पाठीच्या कण्यातूनच हुकूम निघतो आणि हात मागं येतो. ज्याला आधी दिसतं त्याच्याकडं छोटा निर्णय ठेवला नाही, तर संवाद नुसता मन मोकळं करण्याचा कार्यक्रम होऊन बसतो.

कुठं हे करू नये, तेही सांगायला हवं. पैशांची अफरातफर असेल तर आधी लेखापरीक्षण. पगार थकलेले असतील तर आधी पगार. संचालक मंडळाच्या निवडणुका महिन्या-दोन महिन्यांवर आल्या असतील तर थांबावं, कारण तेव्हा प्रत्येक वाक्य प्रचाराचं होतं. आणि अध्यक्ष नुसते उद्घाटनाला येऊन जाणार असतील तर पहिल्याच भेटीत नम्रपणे नकार द्यावा. खालच्यांनी तोंड उघडल्यावर ऐकणारा जागेवर नसला तर नंतरची चुप्पी पहिल्यापेक्षा पक्की बसते.

काम उतरतंय का, हे आम्ही पाहतो ते साध्या खुणांवरून. बातमी वाईट झाल्यावर येते की होण्याआधी. संचालक गोलात प्रश्न किती विचारतात. गोल सुटल्यावर लोक कुणाबरोबर उभे राहून बोलतात. पाचव्या बैठकीपासून आम्ही चालवणं कमी केलं. सहावीत हिशोबनीस आणि प्रतवारीवरच्या एका मावशींनी मिळून चालवली, आम्ही गोलाबाहेर बसून फक्त टिपलं, आणि नंतर अर्धा तास त्या दोघांशी कुठं घाई झाली एवढंच बोललो. आठवीला आम्ही गेलो नाही.

आठवी बैठक मेमध्ये होती आणि विषय त्यांनीच काढला होता: घरचं बियाणं. १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून ओल टिकवायची, आठव्या दिवशी चांगले कोंब मोजायचे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, घरच्या बियाण्यालाही तीच पट्टी लावायची. एकाच गावातल्या, एकाच वाणाच्या पोत्यांत उगवणीचा मोठा फरक आला होता आणि कारण सापडत नव्हतं. तेव्हा हमाल मामांनी वजन मागून घेतलं. सोयाबीनचं साल पातळ असतं, कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, उंचावरून टाकला की आतला कोंब दुखावतो, वरून दाणा साबूत दिसतो. खाण्याचा माल आणि बियाणं गोदामात एकाच बारदान्यात यायचं, त्यामुळं दोन्ही सारखंच आपटलं जायचं. "बियाण्याच्या कट्ट्याला निराळी खूण करा," मामा म्हणाले, "आम्ही हातानं उतरवून ठेवू." मंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट न बघता दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या सगळ्या कट्ट्यांची तोंडं लाल सुतळीनं शिवलेली होती.